खाडीकाठच्या घरातला गळका पाइप: दुरुस्ती करताना या चुका टाळा

थंड देशांत पाइप फुटतो तो आतलं पाणी गोठून. त्यामुळे इंटरनेटवर फुटलेल्या पाइपाबद्दल शोधलं की पहिला सल्ला त्याचाच मिळतो. ठाणे खाडीकाठच्या ऐरोलीत किंवा कोपरीत त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडे पाइप मरतो तो बाहेरून खारट, दमट हवेने आणि आतून जुन्या गंजाने. वरून कधी वाढलेला दाब, कधी घाईत केलेला जोड. बहुतेक दुरुस्त्या फसतात, कारण आपण भोक बुजवतो आणि ते तिथेच का पडलं हे कुणी विचारत नाही.

जीआय पाइपावर एम-सीलचा गोळा

वाशी, नेरूळ, सानपाड्यातल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत अजून कितीतरी घरांत मूळ जीआय लाइन आहे. जीआय म्हणजे वर जस्ताचा थर चढवलेला लोखंडी पाइप. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. जस्त संपलं की लोखंडाची पाळी. खाडीवरून येणारी हवा मीठ आणि ओल दोन्ही घेऊन येते, त्यामुळे डक्टमधल्या उघड्या पाइपांचं जस्त लवकर संपतं. त्यातही पहिला बळी चुडीचा, म्हणजे पाइपाच्या टोकाला पाडलेल्या आट्यांचा जातो, कारण चुडी पाडतानाच तिथलं जस्त खरवडलं गेलेलं असतं. म्हणून जुनी जीआय लाइन बहुधा एल्बो, टी किंवा सॉकेट अशा जोडांपाशीच आधी पाझरायला लागते.

अशा पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर त्याच्या आसपासची भिंतही तेवढीच पातळ झालेली असते. वरून एम-सील थापलं की पाणी दोन-तीन महिने थांबतं आणि मग वीतभर पुढे नवीन धार लागते. काही जण एम-सील बसावं म्हणून आधी गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढतात. कधीकधी तो गंजच पाणी अडवून बसलेला असतो!

रात्री अकराला धार लागली तर तात्पुरता इलाज जरूर करा: सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि त्यावर होज क्लॅम्प आवळा. हे सकाळपर्यंत, फार तर आठवडाभर. पुढे तो तुकडा बदलायचा, आणि लाइनवर दुसऱ्यांदा भोक पडलं तर अख्खी लाइन बदलायचा विचार करायचा. पुन्हा जीआयच घालायचा असेल तर पाइपावरचा रंगीत पट्टा बघून घ्या: पिवळा म्हणजे हलका ए क्लास, निळा म्हणजे मध्यम बी, लाल म्हणजे जाड सी. खाडीजवळ ए क्लास घेऊन वाचवलेले पैसे पुढच्या मजुरीत जातात. माझं मत विचाराल तर घराच्या आत आता जीआय नकोच.

एकाच पान्ह्याने जोर लावणं

ही चूक प्लंबर करतो आणि खर्च आपण भरतो. भिंतीतून बाहेर आलेल्या जुन्या निपलवरचा (चुडी असलेल्या पाइपाच्या छोट्या तुकड्यावरचा) नळ काढताना एकच पाइप पान्हा लावून झटका दिला, की नळ सुटण्याऐवजी भिंतीच्या आतला एल्बो फिरतो. ती चुडी आधीच कुजलेली असते. बाहेर सगळं ठीक दिसतं, नवीन नळ चकचकीत बसतो, आणि आठ दिवसांनी शेजारच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येते. एका पान्ह्याने मागचा पाइप धरायचा आणि दुसऱ्याने पुढचा भाग फिरवायचा, ही साधी पद्धत. चुडी अडली असेल तर आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबायचं. काम सुरू होण्याआधी "दादा, दोन पान्हे आहेत ना?" एवढं विचारायला काही हरकत नाही.

जुन्या लोखंडाला नवा प्लास्टिक जोडताना

अर्धी लाइन जीआय आणि अर्धी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप), असं आता घरोघरी झालंय. त्याला हरकत नाही, पण जोड कसा केलाय यावर सगळं आहे. प्लास्टिकची आतली चुडी असलेला फिटिंग लोखंडी निपलवर पिळला की तो फाकतो. त्याच दिवशी तडकला तर नशीब, निदान कळतं तरी. बहुतेक वेळा केसाएवढी चीर पडते आणि गळती महिन्यांनी सुरू होते. इथे पितळी इन्सर्ट, म्हणजे आत पितळेची चुडी असलेलाच फिटिंग घ्यायचा, हाताने घट्ट करायचा आणि मग पान्ह्याने थोडाच पिळ द्यायचा. "अजून एक आटा बसतोय" म्हणून जोर काढायचा नाही.

चुडीवर सूत गुंडाळून वर सफेद्याचा लेप, म्हणजे सूत आणि सफेदा, हा जीआयचा जुना, चांगला उपाय आहे. तो सीपीव्हीसीच्या चुडीवर नको. तेल असलेले लेप आणि रंग या प्लास्टिकला ठिसूळ करू शकतात, म्हणून तिथे फक्त टेफ्लॉन टेप. टेप चुडीच्या तोंडाकडून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर फिटिंग पिळताना तो गोळा होऊन बाहेर येतो. वाळवीचं औषध मारणाऱ्या माणसालाही सीपीव्हीसी लाइन कुठून गेलीय ते दाखवा, कारण काही औषधांतली द्रावणं याच पाइपाला त्रास देतात.

ओल्या पाइपाला सोल्युशन

पावसाळ्यात ठाण्यात केलेले जोड सर्वांत जास्त सुटतात याचं कारण घाई. वरचा वॉल्व्ह नीट बंद होत नाही, पाइपातून थेंब थेंब चालू असतं, आणि प्लंबर तशाच ओल्या टोकाला सोल्युशन लावून पाइप आत ढकलतो. सोल्युशन हा चिकट गोंद नाही. ते पाइप आणि फिटिंग दोन्हीचा पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. मध्ये पाणी असेल तर ते होतच नाही.

पाइप सरळ कापायचा, कडेचा कचरा आतून-बाहेरून काढायचा, कोरडा पुसायचा, दोन्ही भागांना सोल्युशन लावायचं, आत घालताना पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. हात काढल्याबरोबर पाइप थोडा मागे सरकतो, म्हणून हे धरणं महत्त्वाचं. मग डब्यावर छापलेला वेळ पाळायचा, आणि हवा दमट असेल तर त्याच्या दीडपट. जुलैत आपल्याकडे हवा कोरडी कधी असते?

डबाही बघा. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन, यूपीव्हीसीला (थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपाला) त्याचं. डब्यातलं घट्ट जेलीसारखं झालं असेल तर थिनर घालून पातळ करणं म्हणजे जोड वाया घालवणं.

आणि गिझरची लाइन कधीही पांढऱ्या यूपीव्हीसीत नको. गरम पाण्याने तो मऊ पडतो, लोंबतो आणि जोडापाशी सुटतो. तिथे सीपीव्हीसी, तोही शक्यतो जाड भिंतीचा एसडीआर ११. एसडीआरचा आकडा मोठा तितकी भिंत पातळ; दुकानात स्वस्त म्हणून बऱ्याचदा एसडीआर १३.५ हातात येतो. पाइपावर छापलेलं असतं, वाचा. हाच पाइप गच्चीवर उन्हात टाकला असेल तर त्याला पाण्यात मिसळणारा रंग द्यायचा, ऑइल पेंट नाही.

बेसिनखालचं कपाट

खाडीकाठच्या घरात अचानक फुटण्यात पहिला नंबर लागतो बेसिनखालच्या किंवा कमोडमागच्या कनेक्शन पाइपाचा. बाहेरून स्टीलच्या तारांची जाळी असते म्हणून तो मजबूत वाटतो. दाब पेलण्याचं सगळं काम ती जाळी करते, आतली नळी साधी रबराची किंवा प्लास्टिकची. जाळीची एक-एक तार गंजून तुटत गेली की एक दिवस नळी फुग्यासारखी फुगते आणि फुटते. घरी कुणी नसेल तर पाणी थेट खालच्या मजल्यावर.

त्यातली मोठी चूक म्हणजे याच कपाटात संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली ठेवणं. झाकण घट्ट असलं तरी थोडी वाफ येत राहते, आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ स्टेनलेस स्टीलला खाते. बंद कपाटात खारी हवा आणि ती वाफ, मग काय उरणार? बाटली दुसरीकडे ठेवा. जाळीवर तपकिरी डाग किंवा तुटलेली तार दिसली की नळी बदला, गळायची वाट बघू नका.

स्टेनलेस म्हणून विकलं जाणारं सगळं सारखं नसतं. २०२ ग्रेड स्वस्त आणि लवकर डागाळणारा, ३०४ बरा, समुद्राजवळ ३१६ उत्तम. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही" म्हणतो, त्यावर जाऊ नका. २०२ सुद्धा चुंबकाला फारसा चिकटत नाही. डक्टमधल्या लोखंडी क्लॅम्पकडेही लक्ष द्या. पाइप प्लास्टिकचा घातला आणि त्याला धरणारा क्लॅम्प गंजून तुटला, तर पाइपाचं सगळं वजन जोडांवर येतं.

ओल दिसली की फरशी फोडणं

भिंतीला पोपडे धरले, लोणा लागला, की पहिला सल्ला मिळतो: वरच्यांचं बाथरूम फोडा, वॉटरप्रूफिंग करा. थांबा. ओल चोवीस तास सारखी राहते, वापर असो वा नसो, तर बहुधा दाबाची पाण्याची लाइन गळतेय. आंघोळीनंतर वाढते आणि दुपारी सुकते, तर नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याची लाइन. फक्त पावसात येते, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. नहाणीत खायचा रंग घालून पाणी ओता. खालच्या छतावर रंग उतरला तर उत्तर मिळालंच.

पाण्याच्या लाइनचा संशय असेल तर फ्लॅटचा मुख्य वॉल्व्ह एक रात्र बंद ठेवून ओल कमी होते का बघा. खात्री हवी तर प्लंबरला हातपंपाने प्रेशर टेस्ट करायला सांगा. लाइनमध्ये पाणी भरून दाब द्यायचा, काटा पडतो का बघायचं. प्लास्टिक पाइपात कॉम्प्रेसरची हवा भरून चाचणी करू देऊ नका. फुटला तर तुकडे उडतात.

मुख्य वॉल्व्हवरून आठवलं: तो कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. जुने गेट वॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्याने अडकतात आणि ऐन वेळी दांडा तुटून हातात येतो. दोन महिन्यांतून एकदा बंद-चालू करा, नाहीतर बॉल वॉल्व्ह बसवून घ्या. धार लागली तर आधी गिझरचं बटण बंद, आणि पाणी स्विचबोर्डाकडे जात असेल तर त्याआधी एमसीबी.

दाब कुणी बघायचा?

गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर दहा मीटरला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब वाढतो. सात मजली इमारतीत तळमजल्याला दोन-अडीच किलो असतो, काही वाटत नाही. घोडबंदर रोडवरच्या पंचवीस मजली टॉवरमध्ये मध्ये दाब कमी करणारा वॉल्व्ह नसेल किंवा बिघडला असेल, तर खालच्या मजल्यांना सात-आठ किलो मिळू शकतो. तिथे नळाचे वॉशर बदलत बसून काही होत नाही. खालच्या तीन-चार मजल्यांवर एकाच महिन्यात तक्रारी आल्या तर सेक्रेटरींना त्या वॉल्व्हबद्दल विचारा.

दिवाळे गाव, चेंदणी कोळीवाडा अशा ठिकाणी ज्यांच्या घरात थेट महापालिकेचा नळ येतो, त्यांनी शटडाऊन संपताना एक नळ थोडा उघडा ठेवावा. रिकाम्या लाइनमध्ये हवा भरलेली असते, ती बाहेर पडायला वाट मिळते आणि झटका जुन्या जोडांना बसत नाही. पहिलं तांबूस पाणी जाईपर्यंत गिझर आणि वॉशिंग मशीन बंदच ठेवा.

बीम कापणं

ही एक चूक मात्र अजिबात चालणार नाही. नवी लाइन लपवण्यासाठी प्लंबर बीममध्ये किंवा कॉलममध्ये खाच पाडायला निघाला तर काम थांबवा. खाडीकाठच्या जुन्या इमारतींत आतल्या सळ्या आधीच गंजत असतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वर्षभर बीमवर झिरपणारा पाइपही हेच करतो, फक्त सावकाश. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल सोसायटीकडे असेल तर काम काढण्याआधी मागून घ्या. लाइन सरळ भिंतीवरून उघडी न्या. दिसायला बरी नाही, पण पुढच्या वेळी गळती लगेच सापडेल.

खर्च कोणाचा, यावर दर पावसाळ्यात भांडणं होतात. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) गच्चीची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाण्याच्या व सांडपाण्याच्या लाइन सोसायटीकडे. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी घरातली गळती त्या त्या सभासदाकडे. वरच्या काकूंकडे तावातावाने जाण्याआधी रंगाची चाचणी करून, फोटो घेऊन जा.

आणि भिंत बुजवण्याआधी उघड्या लाइनचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते दिसेल असा. पुढे टॉवेलचा दांडा लावायला येणाऱ्या सुताराला ड्रिल चालू करण्याआधी तो दाखवायचा.