गोव्याच्या उन्हाळ्यात युकाता: घालण्याची रीत आणि छायाचित्रण

किमोनो म्हटला की रेशमाचे एकावर एक चढवलेले थर डोळ्यांपुढे येतात, आणि मे महिन्यातल्या पणजीत तसा पोशाख घालण्याच्या नुसत्या विचारानेही घाम फुटतो. जपानमध्येही भर उन्हाळ्यात तसे कोणी घालत नाही. तिथल्या रूढ संकेतानुसार अस्तराचा किमोनो ऑक्टोबर ते मे या काळात, बिनअस्तराचा जून आणि सप्टेंबरमध्ये, तर 'रो' व 'शा' या विरळ, जाळीदार विणींचा जुलै-ऑगस्टमध्ये घालतात. युकाता याहूनही साधा असतो. मुळात स्नानाच्या वेळी वापरायच्या या वस्त्राला एदो काळात (१६०३ ते १८६८) सुती रूप मिळून ते सर्वसामान्यांच्या अंगावर आले, आणि आज उन्हाळी उत्सवांत व आतषबाजी पाहायला जाताना तो सर्रास घातला जातो. आपल्या दमट हवेला हाच पोशाख मानवतो.

कापड सुतीच घ्यावे. बाजारात स्वस्तात मिळणारे पॉलिएस्टरचे युकाते छायाचित्रात छान दिसतात, पण घाम त्यांत शोषला जात नाही आणि अर्ध्या तासात पाठीला चिकटतात. नक्षी निळ्या-पांढऱ्या रंगांची असेल तर उत्तम, कारण चिऱ्याच्या तांबूस भिंतीपुढे गर्द निळा जितका उठून दिसतो तितका दुसरा कोणताच रंग दिसत नाही, असे माझे मत आहे. आत बिनबाह्यांची पातळ सुती बनियन आणि साधा सुती परकर पुरतो. त्यासाठी जपानहून वेगळी अंतर्वस्त्रे मागवण्याची गरज नाही.

बांधताना पहिला नियम कधीही मोडू नये: उजवी बाजू अंगालगत आणि डावी बाजू तिच्यावर. याच्या उलट बांधणी जपानमध्ये मृतदेहाला वस्त्र घालताना करतात. पडताळा सोपा आहे. छातीशी गळपट्टीच्या आत उजवा हात सहज सरकला, तर बांधणी बरोबर आहे.

स्त्रियांच्या युकात्याची उंची नेसणारीच्या मापापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेली असते. तो अंगावर घेऊन पाठीची शिवण मध्यावर आणावी, समोर गळपट्टीची दोन्ही टोके जुळवावीत आणि खालची कड घोट्याशी येईल इतके कापड वर उचलावे. आता डावी बाजू गुंडाळून तिची कड उजव्या कुशीशी येते का ते पाहावे, उंची न बदलता ती पुन्हा उघडावी, उजवी बाजू आत घेऊन तिचे खालचे टोक साधारण १० सेंटिमीटर वर खेचावे, आणि मग डावी बाजू वर घेऊन तिचे टोक ५ सेंटिमीटर उचलावे. या उचलण्यामुळे घेर खाली निमुळता होतो; ते राहिले तर युकाता अंगरख्यासारखा ढगळ लोंबतो. कमरेच्या हाडाच्या किंचित वर पहिली दोरी, कोशिहिमो, घट्ट बांधावी. बाहीखालच्या फटींतून हात आत घालून उरलेले कापड दोरीवर सपाट पसरवावे. या घडीला ओहाशोरी म्हणतात, आणि ती ओबीखाली, म्हणजे कमरेभोवती बांधायच्या रुंद पट्ट्याखाली, चार बोटे दिसली म्हणजे जमली. मानेमागे गळपट्टी मूठभर मागे ओढून छातीखाली दुसरी दोरी बांधावी. मागे मोकळी सोडलेली ही जागाच उन्हाळ्यात वारा खेळवते. केसांत अबोलीची वेणी माळायला हरकत नाही, मात्र ती इतकी जाड नसावी की मानेचा हा भागच झाकला जाईल.

उन्हाळ्यासाठी अर्ध्या रुंदीचा, म्हणजे साधारण १५ ते १७ सेंटिमीटरचा, ओबी वापरतात. त्याचे दोन वेढे घेऊन पुढच्या बाजूला गाठ बांधावी आणि मग ती उजवीकडून फिरवत पाठीमागे न्यावी. डावीकडून फिरवल्यास गळपट्टी उघडत जाते. दोऱ्या घट्ट असाव्यात, ओबी मात्र बोट सरकेल इतका सैल, नाहीतर दुपारी जीव घुसमटतो. पुरुषांचे काम सोपे. त्यांच्या युकात्याला ओहाशोरी नसते, म्हणून तो मूळ मापाचाच हवा, आणि अरुंद ओबी पोटाखाली, पुढे थोडा उतरता बांधावा.

पायात गेता म्हणजे लाकडी सपाता. टाच मागे एक-दोन सेंटिमीटर बाहेर राहणे हीच त्यांची योग्य बसण आहे. मिरामारच्या वाळूत मात्र त्यांचे दात रुततात, तिथे अनवाणी चाललेले बरे.

छायाचित्रणाचा विचार उन्हापासून सुरू करावा. पणजी सुमारे साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या आरंभी दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि ओबीची सावली पोटावर पट्ट्यासारखी उमटते. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतरचा वेळच कामाचा. दुपारीच काढायचे झाले तर जुन्या घराचा बाल्कांव, म्हणजे दारापुढचा छपराखालचा ओटा, गाठावा. तिथे चेहऱ्यावर मऊ उजेड येतो, पण अंगणातल्या तांबड्या मातीवरून परतलेला प्रकाश पांढऱ्या सुतावर गुलाबी झाक चढवतो. म्हणून त्याच जागी पांढरा कागद धरून कॅमेऱ्याचे श्वेतसंतुलन ठरवून घ्यावे. गर्द निळ्या कापडाला कॅमेरा अंधार समजतो आणि उजेड वाढवतो, मग पांढरी नक्षी उजेडात विरून जाते. अशा वेळी एक्स्पोजर एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप (कॅमेऱ्यातले उजेडाचे माप) कमी करावे.

लेन्स ५० ते ८५ मिलिमीटरची घ्यावी आणि कॅमेरा ओबीच्या उंचीवर धरावा. मोबाइलची रुंद लेन्स जवळून वापरली की बाह्या फुगतात आणि पाय आखूड दिसतात. पाठमोरे चित्र काढायला विसरू नये, कारण ओबीची गाठ आणि मान तिथेच दिसतात. किनाऱ्यावर वाऱ्याने बाह्या उडत असतील तर १/५०० सेकंदाहून मंद शटर ठेवू नये. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढल्यास लेन्सवर वाफ जमते, म्हणून बाहेरच्या उष्णतेशी जुळेपर्यंत तो पिशवीतच बंद ठेवावा.

सेल्फी घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष तपासावी. पुढचा कॅमेरा पडद्यावर आरशासारखी उलटी प्रतिमा दाखवतो आणि काही मोबाइल ती तशीच साठवतात. म्हणजे बिनचूक बांधलेला युकाता चित्रात मृताच्या वस्त्रासारखा दिसतो. ही आरसा-सोय सेटिंगमध्ये बंद करावी. सरळ चित्रात गळ्याचा आकार इंग्रजीतल्या छोट्या 'वाय' अक्षरासारखा दिसतो.

पणजीतल्या फोंताइन्हश या जुन्या वस्तीच्या रंगीत गल्ल्या या पोशाखाला शोभतात खऱ्या, पण त्या भिंतींमागे माणसे राहतात आणि छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीला ती कंटाळलेली आहेत. दुसऱ्याच्या पायरीवर बसण्यापूर्वी विचारावे. जुने गोवे येथील संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडसाठी परवानगी लागते, आणि चर्च असो वा देऊळ, प्रार्थनेच्या जागी नटूनथटून उभे राहणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

घरी आल्यावर ओबी व दोऱ्या लगेच घडी करून ठेवू नयेत. घामाच्या ओलीवर इथे बुरशी धरायला वेळ लागत नाही. युकाता थंड पाण्यात एकटाच धुवावा, कारण निळा रंग पहिल्या काही धुण्यांत सुटतो. मग दोन्ही बाह्यांतून एक बांबू ओवून तो सावलीत वाळवावा आणि शिवणींवरच घडी घालावी.