एकट्या म्हातारपणासाठी माणसं कशी जोडावीत

मी समलिंगी, बँकेतून निवृत्त, सांगलीच्या विश्रामबागेत एकटा राहणारा. आमच्या पिढीत बरेच जण लग्नाला उभे राहिले, काहींनी आयुष्यभर टाळलं. घरात बोललं कुणीच नाही. आता भाचे-पुतणे पुण्याला. रात्री-अपरात्री हाकेला येणारं माणूस आपणच जोडून ठेवावं लागतं.

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. आमराईत फिरायला येणारे, ज्येष्ठ नागरिक संघातले लोक अडीअडचणीला धावतात, ते पुरे. पण मन मोकळं करायला आपल्यातलं एक तरी माणूस हवंच. ते मिरजेत असो की कराडात, आठवड्यातून एकदा समोरासमोर भेटा.

आम्हा चौघांची रीत सांगतो. सकाळी नऊच्या आत ग्रुपवर 'चहा झाला' एवढंच टाकायचं. नाही आलं तर फोन. फोन उचलला नाही तर शेजारच्या वहिनींना कळवायचं. जादा किल्ली त्यांच्याकडेच असते. त्यांना 'एकटा असतो, लक्ष असू द्या' एवढं सांगितलं, तेवढ्यावर त्या बघतात.

पावसाळ्याचा बेत वेगळा. नदीकाठच्या गावभागातला आमचा मित्र कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी 40 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला, टेकली की माझ्याकडे येतो. 45 फूट ही धोका पातळी. तोवर थांबायचं नाही, हे 2019 च्या महापुरानंतर ठरलं. गोळ्या, चष्मा, पासबुक यांची पिशवी जूनमध्येच भरून ठेवा.

जोडीदार असेल तर कागद आजच करा. समलिंगी विवाहाला आपल्याकडे कायद्याची मान्यता नाही. पण जोडीदारासोबत जॉइंट खातं काढायला किंवा त्याला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 28 ऑगस्ट 2024 ला स्पष्ट केलं आहे. काउंटरवर फार खुलासे करत बसू नका; नात्याच्या रकान्यात 'मित्र' लिहिलं तरी चालतं. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याच्याकडे पैसे येतात, वारस ते मागू शकतात. म्हणून मृत्युपत्र हवंच. साक्षीदार दोन, आणि ज्याला काही द्यायचं त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. भावकी भांडायला उठली तर तीच उपयोगी पडते.

दवाखान्यात पहिला प्रश्न 'पेशंटचे कोण?' हाच येतो. नेहमीच्या डॉक्टरांच्या फाइलवर जोडीदाराचं नाव आणि नंबर आधीच लिहून घ्या, तीच चिठ्ठी पाकिटातही ठेवा. कुणीच नसेल तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567, सकाळी आठ ते रात्री आठ.