१९० वरून १७० वर: कॅनॉपी लहान करताना ऊनही मोजा

स्कायडायव्हिंगमध्ये कॅनॉपी (पॅराशूटचं कापडी छत) लहान करायची ठरवली की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो जंपच्या आकड्याचा. किती जंप झाल्या की साइज उतरवायचा? त्याआधी काट्यावर उभं राहायला हवं, आणि तेही घरच्या कपड्यांत नाही. जंपसूट, हेल्मेट, बूट आणि पॅक केलेली रिग (पाठीवरचा पॅराशूटचा सगळा संच) अंगावर चढवून जे वजन येईल ते आपलं एक्झिट वेट. किलोला २.२ ने गुणलं की पौंड मिळतात, आणि त्याला कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागलं की विंग लोडिंग.

समजा माणूस ७२ किलोचा आणि रिग-सामान ११ किलोचं. एकूण ८३ किलो, म्हणजे साधारण १८३ पौंड. याच माणसाचं लोडिंग १९० चौरस फुटी कॅनॉपीवर ०.९६ येतं, १७० वर १.०८ आणि १५० वर १.२२. वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे १९० वरून १७० वर आलात तर वेग पावणेसहा टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि १७० वरून १५० वर साडेसहा टक्के. आकडा किरकोळ वाटेल, पण लहान कॅनॉपीच्या दोऱ्याही आखूड असतात. म्हणून लोडिंग तेच राहिलं तरी ती टॉगलला (हातातल्या ब्रेकच्या मुठींना) जास्त चटकन उत्तर देते आणि वळणात जास्त उंची खाते. मित्र तुमच्याच लोडिंगवर १३५ उडवतो, तर आपल्यालाही जमेल, असा हिशेब लावू नका. (दोन महिने खापरावरचे मांडे आणि आमरस चापून चार किलो वाढले असतील, तर १७० वरचं लोडिंग आपोआप ०.०५ ने चढलेलं असतं. काटा दर सीझनला काढा.)

आता खान्देशातला खरा मुद्दा. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे. पण मे महिन्यात ४४ अंशांवर तिथली हवा इतकी विरळ झालेली असते, की कॅनॉपीच्या दृष्टीने ते मैदान सुमारे ४,३०० फुटांवरचं ठरतं. कॅनॉपी तीच, माणूस तोच, तरी वेग साडेसहा टक्क्यांनी जास्त. वरचे आकडे पुन्हा बघा: एक साइज उतरवल्यावर जेवढा वेग वाढतो, जवळपास तेवढाच भुसावळ-जळगावचं ऊन फुकटात वाढवून देतं. जानेवारीच्या सकाळी १२ अंशांत हा फरक जवळजवळ शून्य असतो. म्हणजे डिसेंबरात १७० पक्की बसली असं वाटलं, तरी मेमध्ये तीच १७० हातात १५० सारखी येते. नवी कॅनॉपी आणि कडक उन्हाळा एकाच आठवड्यात घेतलात, तर दोन साइज एकदम उतरवल्यासारखं होतं.

आपल्याकडच्या बऱ्याच जंपरची दुसरी अडचण खंडाची. कोणी हरियाणात नारनौलला जातं, कोणी दुबईला, कोणी स्पेनमध्ये एम्पुरियाब्रावाला. दहा दिवसांत चाळीस जंप, मग सात महिने काहीच नाही. लॉगबुकात दोनशे जंप दिसतात, पण हात गंजलेला असतो. सहलीचे पहिले दोन-तीन दिवस जुन्याच साइजवर काढा. लहान कॅनॉपी मधल्या दिवसांत घ्या, म्हणजे ती अंगवळणी पडायला जंप उरतात. शेवटच्या दिवशी 'एकदा करून बघू' म्हणून तर अजिबात नको.

जुन्या कॅनॉपीवर काय जमलेलं असावं? सलग दहा लँडिंगपैकी आठ तरी ठरवलेल्या जागेपासून दहा मीटरच्या आत, दोन पायांवर. वारा नसताना, आडव्या वाऱ्यात आणि हलक्या पाठवाऱ्यातही उतरून झालेलं असावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सपाट वळण: दोन्ही टॉगल साधारण अर्ध्या ब्रेकपर्यंत आणायचे, मग वळायचं त्याच्या विरुद्ध बाजूचा टॉगल थोडा वर सोडायचा. कॅनॉपी फारशी न झुकता, डोकं खाली न घालता दिशा बदलते. उघडलेल्या, धडधाकट कॅनॉपीखाली माणसं जबर जखमी होतात ती बहुतेक जमिनीजवळच्या वळणामुळे. समोर तार किंवा विहिरीचा कठडा दिसतो, घाबरून एक टॉगल खसकन ओढला जातो, कॅनॉपी डाइव्ह करते आणि सावरायला उंचीच नसते. मोठी कॅनॉपी अशी एखादी चूक पोटात घालते. लहान घालत नाही. सपाट वळण विचार न करता हातातून निघत नसेल, तर साइज तोच ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. साइज उतरवताना आकार तोच ठेवा: चौकोनी नऊ सेलवरून (सेल म्हणजे हवेने भरणारे कप्पे) चौकोनी नऊ सेलवर. १९० चौकोनीवरून थेट १५० एलिप्टिकलवर (लंबगोल कॅनॉपीवर) गेलं, की त्रास कशाचा होतोय तेच कळत नाही. विकत घेण्याआधी भाड्याने किंवा डेमोवर दहा-पंधरा जंप करा.

रिगरकडून (रिगची देखभाल करणाऱ्या जाणकाराकडून) तपासून घ्यायच्या गोष्टी थोड्याच, पण चुकवू नयेत अशा. १९० साठी शिवलेल्या कंटेनरमध्ये (पाठीवरच्या पिशवीत) १७० बहुतेक बसते, १५० सैल पडते. सैल पडली की क्लोजिंग लूप (पिशवी बंद ठेवणारा दोरीचा फास) लांब ठरतो, पिनवर ताण राहत नाही आणि विमानाच्या दारातच किंवा फ्रीफॉलमध्ये पॅक उघडू शकतो. लूप आखूड करून घ्यावा लागतो. कॅनॉपी जुनी आणि दोऱ्या स्पेक्ट्राच्या असतील तर ब्रेकच्या दोऱ्या आकसलेल्या असतात. मग हात पूर्ण वर असूनही शेपटी (मागची कड) खेचलेली राहते आणि स्टॉल (कॅनॉपी उडणं सोडून कोसळते तो क्षण) लवकर येतो. रिझर्व्हचा (राखीव कॅनॉपीचा) साइजही विचारा, कारण वाईट दिवशी त्याच्याखालीच उतरायचं असतं. सायप्रेसचा (वेगाने पडत असाल तर रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राचा) मोड बघा: स्टुडंट मोड सेकंदाला १३ मीटर वेगावर सुटतो, एक्सपर्ट ३५ वर. लहान कॅनॉपीच्या जोरदार स्पायरलमध्ये १३ गाठणं अवघड नाही, आणि तसं झालं तर डोक्यावर दोन कॅनॉपी येतात. रिग गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. रबरबँड चिकट होऊन तुटतात.

नव्या साइजच्या पहिल्या काही जंप म्हणजे नुसतं बाहेर पडून लगेच उघडणं. सगळ्यांत शेवटी विमान सोडा आणि ५,००० फुटांवर कॅनॉपी उघडलेली असेल असं ठरवा. वैमानिक आणि बाकीच्या जंपरना आधी सांगा. उघडताना खांदे आणि कंबर समतल, कारण दोऱ्यांना पीळ पडला तर लहान कॅनॉपी नुसती फिरत नाही, फिरत खाली घुसते. कटअवेची (मुख्य कॅनॉपी सोडून रिझर्व्हवर जाण्याची) उंची जी ठरली आहे ती पीळ सोडवण्याच्या नादात हलवू नका.

उघडल्या उघडल्या, ब्रेक अजून अडकलेले असताना, मागच्या रायझरने (खांद्यापासून दोऱ्यांकडे जाणाऱ्या पट्ट्यांनी) दोन्हीकडे वळून बघा. मग ब्रेक सोडून दोन्ही टॉगल सावकाश खाली घ्या आणि स्टॉल नेमका कुठे येतो ते अंगावर लक्षात ठेवा: बरगडी, कंबर की मांडी. सोडतानाही सावकाश, झटक्यात सोडले तर कॅनॉपी पुढे झेपावते. ९० अंशांचं वळण एकदा पूर्ण वेगात, एकदा ब्रेकमध्ये घ्या आणि अल्टिमीटरवर दोन्ही वेळा किती फूट गेले ते वाचा. उरलेल्या उंचीत फ्लेअर (उतरताना करतात तसे दोन्ही टॉगल ओढून वेग मारणं), पुन्हा फ्लेअर, पुन्हा फ्लेअर. २,५०० फुटांखाली हे सगळे प्रयोग बंद, नजर फक्त मैदानावर.

लँडिंग पॅटर्नच्या (उतरण्याआधीच्या ठरलेल्या वळणांच्या) उंच्या त्याच, म्हणजे ९००, ६०० आणि ३०० फूट. पण जमिनीवरच्या जुन्या खुणा चालत नाहीत. लहान कॅनॉपी समोरच्या वाऱ्यात जास्त पुढे सरकते, म्हणून जुन्याच जागेवरून शेवटचं वळण घेतलं तर लक्ष्य ओलांडून जाल. पहिल्या दोन-तीन लँडिंगला मोठं, मोकळं मैदान निवडा आणि अचूकतेचा हट्ट सोडा. फ्लेअर लवकर झाला तर टॉगल वर सोडू नका; आहेत तिथे धरा, उरलेली ओढ जमिनीजवळ पूर्ण करा आणि पाय जुळवून लोळण घ्या. पडताना एक हात पुढे जातो, त्या हाताबरोबर टॉगल खाली जातो आणि कॅनॉपी त्याच बाजूला वळते. मनगटं बहुतेक अशीच मोडतात.

पहिल्या जंपसाठी ताशी १० ते १५ किलोमीटरचा स्थिर वारा सगळ्यात सोयीचा. मार्च ते मे सकाळी दहानंतर नको: नांगरलेल्या रानावरून वावटळ उठते आणि त्यात कॅनॉपी मिटू शकते. साक्री-ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. तिथला वारा आणि पात्यांमागची खळबळ, दोन्हीपासून लांब राहा. बाहेर उतरावं लागलं तर उन्हाळ्यात काळ्या रानातल्या भेगांत पाय अडकतो, उभ्या पऱ्हाट्या टोचतात, आणि केळीच्या बागेत तर शिरूच नका. बांधालगतचं सपाट, पेरणी न झालेलं वावर १,५०० फुटांवरच हेरून ठेवा.

पहिल्या दहा लँडिंगमध्ये तीनदा लोळावं लागलं तर मोठ्या कॅनॉपीवर परत जा, लाज बाळगू नका. आणि जुनी १९० लगेच विकू नका. हिवाळ्यात १७० वर पन्नास जंप सुरळीत झाल्या तरी एप्रिलमधली पहिली जंप १९० वरच करा, दुसऱ्या दिवशी १७० काढा. एक पूर्ण उन्हाळा असा गेला की मग गिऱ्हाईक शोधा.