एईओचं काम शिकायचंय? आधी कंटेनरपाशी जाऊन उभे राहा

चाकणच्या एका कारखान्यात निर्यात विभागात लागले आणि पहिल्याच महिन्यात एईओची फाइल हातात आली. एईओ म्हणजे ऑथोराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर. या योजनेची सक्ती नाही. कंपनी आपणहून कस्टम्सला सांगते की आमचे कागद, आवार, माणसं, सगळं तपासा. खात्री पटली की कस्टम्स तिच्या मालाची तपासणी कमी करतं, माल लवकर सोडतं. भारतात ही योजना २०११ मध्ये आली. २०१६ मध्ये आयातदार-निर्यातदारांसाठी टी-१, टी-२, टी-३ असे टप्पे झाले आणि वाहतूकदार, गोदामवाले, कस्टम ब्रोकर यांच्यासाठी एलओ, म्हणजे लॉजिस्टिक्स ऑपरेटर.

टी-१ कागदांवर मिळतं. टी-२ साठी अधिकारी आवारात येतात, आणि खरं शिक्षण तिथून सुरू होतं.

मी फाइलमध्ये लिहिलं होतं, ‘बोल्ट सील कुलूपबंद कपाटात ठेवली जातात.’ बोल्ट सील म्हणजे कंटेनरच्या दाराला लावायचं, नंबर असलेलं, एकदाच वापरायचं कुलूप. ते वाक्य मी डिस्पॅचला फोनवर विचारून लिहिलं होतं. भेटीच्या आठ दिवस आधी स्वतः गेले, तर सील टेबलाच्या उघड्या खणात. रजिस्टरशी मोजली तर तीन कमी. दोन लावताना वाकली म्हणून नोंद न करताच टाकून दिली होती, तिसऱ्याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. एक सील हरवलं म्हणजे कुणाच्या तरी हाती कोरं, खऱ्या नंबराचं सील गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर सीलचा साठा दर शनिवारी मी स्वतः मोजायला लागले.

सीलवर आयएसओ १७७१२ या सीलच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा ‘एच’ (हाय सिक्युरिटी) शिक्का आहे ना, ते बघा. लावल्यावर नंबर कागदाशी ताडा, मग ओढून आणि पिळून बघा. पण नुसत्या सीलवर विसंबू नका. दाराच्या दांड्याचे रिव्हेट काढले की सील न तोडताही दार उघडता येतं, म्हणून रिव्हेट आणि वेल्डिंगवरून हात फिरवा. रिकामा कंटेनर भरण्याआधी समोरची भिंत, दोन्ही बाजू, तळ, छत, दारं आणि बाहेरून खालचा सांगाडा अशा सात जागा पाहायच्या. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब असतो. टेप लावल्यावर माप कमी भरलं, तर पुढे खोटी भिंत असू शकते. हे मला आमच्या लोडिंगच्या मुकादमांनी शिकवलं, कुठल्याही प्रशिक्षणात नाही.

अमेरिकेचा सी-टीपॅट, म्हणजे एईओसारखाच माल-सुरक्षेचा कार्यक्रम, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, नोव्हेंबर २००१ मध्ये, सात मोठ्या आयातदारांना घेऊन सुरू झाला. एईओ ज्यावर उभं आहे ती जागतिक सीमाशुल्क संघटनेची सेफ ही नियमांची चौकट २००५ ची. भारत आणि अमेरिका यांच्यात परस्पर मान्यतेचा करार २०२१ मध्ये झाला. हा इतिहास वाचा, कारण परदेशी खरेदीदाराची प्रश्नावली त्यातूनच येते. तिची उत्तरं मात्र गेटवर शोधा.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक रात्रपाळी मागून घ्या. न्हावा शेवा बंदराला जाणारे कंटेनर आमच्याकडे बहुतेक अकरानंतर भरले जातात. साहेब घरी गेलेले असतात, ट्रेलरवाला घाई करत असतो. त्या वेळी वॉचमनकाका ड्रायव्हरचं लायसन्स बघतात की नुसती सही घेतात, तेवढं बघून या.