आजीची नथ आणि तन्मणी दुरुस्त करून घेताना

आजीकडून आलेली नथ किंवा तन्मणी (मोत्यांच्या सरांना मधोमध खड्यांचे पदक असलेला गळ्यातला दागिना) पेटीतून बाहेर काढला की मोती पिवळसर, दोरा काळपट आणि खडे मंद झालेले दिसतात, आणि दागिना ताबडतोब नव्यासारखा करून घ्यावासा वाटतो. अशा वेळी माझे सांगणे एवढेच असते की दोरा अवश्य बदलावा, मोती मात्र बदलू नयेत. जपानचे संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती 1920 च्या दशकात बाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. त्याआधी घडवलेल्या दागिन्यातील मोती खरे असतील, तर ते नैसर्गिकच असणार, आणि आपल्याकडे बसरा म्हणून ओळखले जाणारे इराणच्या आखातातील मोती त्यांत असण्याची शक्यता चांगली असते. ते नेमके गोल नसतात, दोन मोती एका रंगाचे नसतात, आणि मला तरी त्यांचा तो सायीसारखा पिवळेपणा नव्या पांढऱ्याशुभ्र मोत्यांपेक्षा अधिक देखणा वाटतो. मोती नैसर्गिक आहे की संवर्धित, हे दातावर घासून कळत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करावी लागते.

दागिना दुरुस्तीला देण्यापूर्वी त्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढावे, मोती आणि खडे मोजून लिहून ठेवावेत, आणि वजन आपल्यासमोर करून पावतीवर नोंदवून घ्यावे. घरातील वडीलधाऱ्यांना तो कोणी, कोणाच्या लग्नात घातला होता, हेही याच वेळी विचारून घ्यावे.

तन्मणी गाठवण्याचे काम पटवेकऱ्याचे, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवणाऱ्या कारागिराचे, आहे. मोत्याचे छिद्र बारीक असते आणि त्याच्या कडेवर दोरा घासून झिजतो, म्हणून रेशमी दोरा वापरावा आणि शक्य असेल तेथे दोन मोत्यांमध्ये गाठ घ्यायला सांगावी, म्हणजे सर तुटला तरी एखादाच मोती निसटतो. गाठींमुळे लांबी थोडी वाढते. ती आधीच ठरवून घ्यावी. नथीचे मोती सोन्याच्या तारेत ओवलेले असतात आणि तार बहुधा वळणावर तुटते. ती झाळण्याची, म्हणजे तापवून सांधण्याची, वेळ आली तर मोती आधी उतरवून घेण्याची अट सोनाराला स्पष्ट घालावी, कारण आचेने मोत्याची झळाळी कायमची जाते. नाक टोचलेले नसल्यास जुनी नथ कापून चापाची करण्याऐवजी वेगळा चाप जोडता येतो का, हे आधी विचारावे.

स्वच्छतेच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान उत्साहामुळे होते. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट आणि सोनाराकडील अल्ट्रासोनिक यंत्र यांपैकी काहीही मोत्याला चालत नाही. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लाने तो विरघळतो आणि घरातील धुळीतल्या वाळूच्या कणांनीही त्यावर ओरखडे उठतात. जुन्या सुती धोतराच्या किंचित ओलसर तुकड्याने हलक्या हाताने पुसावे आणि दोरा पूर्ण वाळेपर्यंत दागिना आडवा ठेवावा. तन्मण्याच्या खोडाला, म्हणजे मधल्या खड्यांच्या पदकाला, पाणी लावू नये, कारण बंद कोंदणात खड्यामागे चकाकीसाठी बसवलेला पातळ वर्ख ओल शिरली की काळा पडतो. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेले असते, ते गरम पाण्याने व साबणाने निघून जाते आणि भेगा उघड्या दिसू लागतात.

ठेवताना सुती कापडाची वेगळी पुरचुंडी करावी. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या मोत्यांपेक्षा अधूनमधून अंगावर येणारे मोती चांगले राहतात. फक्त अत्तर, पावडर आणि केसांचा फवारा मारून झाल्यावर, सर्वांत शेवटी ते घालावेत, आणि काढल्यावर घाम पुसून ठेवावेत.

काम झाल्यावर मोती पुन्हा मोजावेत आणि जुना दोरा पटवेकऱ्याकडून परत मागून घ्यावा. आमच्या घरी तो एका छोट्या डबीत, कोणी कधी घातला याच्या चिठ्ठीसह, तन्मण्याशेजारीच ठेवलेला आहे.