औषधी वनस्पतींचे कोठार सांभाळताना: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

बी.ए.एम.एस. किंवा बी.फार्म. करून आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्यात रुजू झालेल्या उमेदवाराला पहिली नेमणूक कच्च्या मालाच्या कोठारात मिळाली, की बहुधा त्याचा चेहरा उतरतो. कारण खरे काम प्रयोगशाळेत आणि कोठारात नुसती आवक-जावक, हा समज महाविद्यालयातच पक्का झालेला असतो. कोकणातल्या अशा एका कारखान्याचे कोठार मी बरेच पावसाळे सांभाळत आलो आहे आणि माझे मत अगदी उलट आहे. मूळ, साल, पान, फळ आणि डिंक ही द्रव्ये हवेतल्या ओलाव्यापुढे किती वेगवेगळी वागतात, हे जितके इथे कळते तितके पुस्तकात कळत नाही.

साठवणुकीचे निम्मे काम माल दारात उतरतो तेव्हाच होते. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागातून आलेल्या अश्वगंधेचे पोते उघडले, की मधल्या थरातले एक मूळ काढून मोडून पाहावे. नीट वाळलेले मूळ कट्‌कन तुटते, आणि वाकून मग तुटले तर आत ओल आहे असे समजावे. दोन-चार मुळे काळ्या कागदावर आपटली असता टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांतून पिठासारखा भुसा पडतो का, तेही पाहावे. त्या भुशातला दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा धक्का लागताच पाय आखडून मेल्यासारखा पडून राहतो, त्यामुळे क्षणभर थांबल्याशिवाय निर्णय देऊ नये. गुळवेलीची खोडे याहून फसवी असतात; वरची साल कागदासारखी सुटलेली असली तरी पेराच्या आत ओलावा टिकून राहतो, म्हणून तपासणीचा तुकडा पेरावरच मोडावा. हातांनी केलेल्या या परीक्षेनंतर १०५ अंश सेल्सियसला वाळवून किती वजन घटते ते प्रयोगशाळा सांगतेच, आणि बहुतेक सुक्या द्रव्यांसाठी हा आकडा १० ते १२ टक्क्यांच्या आत असल्याशिवाय मी माल आत घेत नाही.

नवखा माणूस सर्वांत जास्त गोंधळतो तो पावसाळ्यात. हवा खेळती हवी, हे वाक्य पाठ असल्यामुळे तो भर जुलैत खिडक्या उघडतो आणि बाहेरची दमट हवा स्वतःच आत बोलावतो. कोठारात आर्द्रतामापक असायलाच हवा आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच पंखे चालू करावेत. एरवी दारे बंद ठेवून आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राखण्यासाठी ओलावा शोषणारे यंत्र वापरावे. बारदान की आतून प्लास्टिकचे अस्तर, या प्रश्नाचे उत्तरही ओलाव्यावरच ठरते. कोरड्या मालाला अस्तर तारते आणि ओल्या मालाला तेच कुजवते. उन्हातून उचललेला गरम माल लगेच अस्तरात बांधला तर आत घाम सुटून बुरशी धरते, म्हणून तो सावलीत निववावा, पण रात्रभर उघडाही ठेवू नये. पोती लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचावीत.

प्रत्येक द्रव्याची तऱ्हा निराळी असते. शतावरीची मुळे ओलावा ओढून चिकट होतात, त्यामुळे त्यांना घट्ट झाकणाचे पिंपच हवे. गुग्गुळ उन्हाळ्यात वितळून एकसंध गोळा होतो. जटामांसी आणि तगर यांचा वास शेजारच्या मालाला लागतो. जुन्नर-आंबेगावकडून येणारा बाळहिरडा मात्र नीट वाळलेला असला की फारसा त्रास देत नाही. बचनाग, कुचला, बिब्बा ही औषध नियमांच्या शेड्यूल ई (१) मधील, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीतील द्रव्ये कुलपात आणि वेगळ्या नोंदवहीत ठेवावीत. बिब्ब्याचे तेल कातडीवर फोड आणते, हे हमालांना आधीच बजावून सांगावे.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधे ठेवण्याच्या जागेचे वर्णन आहे: आग, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद यांना जिथे शिरकाव नाही अशी ती असावी आणि औषधे झाकून शिंक्यात टांगावीत. शिंक्याच्या जागी आता रॅक आले असले तरी ही यादी तपासणीसाठी आजही पुरेशी आहे. शार्ङ्गधरसंहितेनुसार चूर्णाचे वीर्य, म्हणजे औषधी ताकद, दोन महिन्यांनंतर उणावते, तेव्हा सवडीने दळून ठेवण्याचा मोह टाळून द्रव्य अखंडच साठवावे. वावडिंग आणि पिंपळी जुनी घ्यावी, असेही तोच ग्रंथ सांगतो आणि कोठारातला प्रत्येक जुना माणूस पडून राहिलेल्या पोत्यांसाठी नेमका हाच आधार देतो. जुने म्हणजे किडलेले नव्हे, एवढेच त्याला शांतपणे सांगावे.

औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील शेड्यूल टीनुसार, म्हणजे आयुर्वेदीय औषधांच्या चांगल्या उत्पादनपद्धतीच्या नियमांनुसार, द्रव्याचे नाव, पुरवठ्याचा स्रोत आणि 'चाचणीखाली', 'मान्य' किंवा 'नाकारलेले' ही स्थिती लेबलावर हवी. हे लेबल पिंपाच्या अंगावर लावावे, झाकणावर नव्हे, कारण साफसफाईच्या दिवशी झाकणे हमखास अदलाबदल होतात. आधी आलेला माल आधी द्यावा आणि उरलेला माल नव्या पोत्यात कधीही ओतू नये, नाहीतर कीड निघाल्यावर ती कोणत्या खेपेतली हे शोधता येत नाही. कीड दिसलीच, तर ते पोते त्याच क्षणी कोठाराबाहेर हलवून आजूबाजूची पोती उघडून पाहावीत. कीड मारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या धुरीचा वायू माणसालाही घातक असल्याने ते काम परवानाधारक कीडनियंत्रकाकडेच सोपवावे आणि वायुवीजन पूर्ण झाल्याचे त्याच्याकडून लेखी मिळाल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नये.