केशरोपणानंतर रंग लावल्यावर केस गळू लागले तर काय करावे

सर्वप्रथम शस्त्रक्रियेची तारीख आठवावी. रोपण केलेले केस साधारणतः दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात आपोआपच गळतात, मुळे मात्र त्वचेखाली शाबूत राहतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्यांतून नवे केस उगवू लागतात. त्यामुळे याच काळात रंग लावला असेल, तर गळतीचे खापर बहुधा उगाचच रंगाच्या माथी फुटते.

त्यानंतर गळलेला केस उजेडात धरून पाहावा. टोकाला बारीक पांढरा गोळा दिसला, तर तो तुटलेला नसून बहुधा वर सांगितल्याप्रमाणे आपोआप गळलेला असतो. तसा गोळा नसेल आणि केस मध्येच तुटलेला असेल, तर रंगातील अमोनिया व हायड्रोजन पेरॉक्साइड यांमुळे तो ठिसूळ झाला असण्याची शक्यता अधिक.

डोक्याच्या त्वचेला खाज, लाली किंवा सूज असेल, तर ती पीपीडी या रंगातील रसायनाची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी घरगुती लेप लावत न बसता रंग कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे; चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर थेट रुग्णालय गाठावे. ‘काळी मेंदी’ नैसर्गिक म्हणून विकली जाते खरी, पण शुद्ध मेंदीचा रंग तांबूसच येतो, आणि काळेपणासाठी तिच्यात अनेकदा पीपीडीच मिसळलेले असते.

पुढच्या वेळी शस्त्रक्रियेनंतर किमान ४ आठवडे उलटून खपल्या पूर्ण पडल्यावर, शल्यचिकित्सकांच्या संमतीनेच रंग लावावा, आणि ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून पाहावा.